गाळ बसण्याचा वेग: प्रयोगशाळेत ०.०१४, मॉडेलला लागतो ०.५. चुकतंय कुठे?

तळगाळ (प्रश्न)

खाडीतल्या गाळाचं मॉडेल जुळवताना एका आकड्यावर अडलंय. तळाचा चिखल ग्रॅबने घेतला, १०५ अंशांवर वाळवला, खलात मोकळा केला, हायड्रोजन पेरॉक्साइडने सेंद्रिय भाग जाळला, सोडियम हेक्सामेटाफॉस्फेटच्या द्रावणात रात्रभर भिजवला आणि मग कणांचे आकार काढायला हायड्रोमीटर लावला. निम्मं वजन ४ मायक्रॉनच्या खाली आलं. स्टोक्सच्या सूत्रात (गोल कण स्थिर पाण्यात किती वेगाने बसतो ते देणाऱ्या) ४ मायक्रॉन आणि घनमीटरला २६५० किलो ही घनता घातली, की २० अंशांच्या पाण्यात वेग येतो सेकंदाला ०.०१४ मिलिमीटर.

पाणी ८ मीटर खोल आहे. या वेगाने वरचा कण तळाला टेकायला साडेसहा दिवस लागतील. प्रत्यक्षात तळापासून १ मीटरवर बसवलेला टर्बिडिटी (गढूळपणाचा) सेन्सर भरतीच्या शेवटी पाणी थांबलं की चाळीसेक मिनिटांत लिटरला ६०० मिलिग्रॅमवरून १५० वर उतरतो. ओहोटीने जोर धरला की पुन्हा चढतो. मॉडेलमध्ये वेग ०.५ ते १ ठेवला तरच हे जुळतं.

क्षारतेमुळे कण एकमेकांना चिकटतात हे माहीत आहे. पण पस्तीस पट फरक त्याने पडतो का? बसण्याचा वेग क्षारतेच्या प्रमाणात वाढवत नेला तर चालेल का? आणि साध्या नळीने हा वेग मोजायचा तर कसा?

चिकणमाती

तुम्ही सुटे दाणे मोजलेत. खाडीत खाली बसतात ते दाण्यांचे पुंजके, म्हणजे फ्लॉक. खलात मोकळं करणं, पेरॉक्साइड आणि हेक्सामेटाफॉस्फेट या तिन्ही पायऱ्या पुंजका मोडण्यासाठीच असतात. हायड्रोमीटरने आपलं काम चोख केलंय, फक्त उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं दिलंय.

पस्तीस पट कसे होतात ते तुमच्याच आकड्यांवर बघा. समजा ४ मायक्रॉनचे दाणे मिळून २०० मायक्रॉनचा पुंजका झाला. असा पुंजका भरीव नसतो. लहान पुंजके एकमेकांना टोकाटोकाने चिकटून तो वाढतो, त्यामुळे आत मोकळ्या जागा राहतात आणि त्या पाण्याने भरतात. त्याची फ्रॅक्टल मिती (पुंजका किती भरीव ते सांगणारा आकडा, भरीव गोळ्याला ३) साधारण २ धरतात (मोजमापांत बहुधा १.७ ते २.३ च्या दरम्यान येते). मिती २ असेल तर दाण्यांची संख्या व्यासांच्या गुणोत्तराच्या वर्गाइतकी, म्हणजे ५० चा वर्ग, २५००. भरीव गोळा असता तर सव्वा लाख दाणे मावले असते. म्हणजे पुंजक्यात दोन टक्के माती आणि अठ्ठ्याण्णव टक्के पाणी.

आता पाण्याहून जास्त असलेली घनता काढा. सुट्या दाण्याची ती १६५० किलो आहे. पुंजक्याची तिच्या पन्नासावा भाग, ३३ किलो. स्टोक्समध्ये ३३ किलो आणि २०० मायक्रॉन घाला, उत्तर येतं ०.७ मिलिमीटर. तुमचं मॉडेल जे मागतंय तेच.

घनता पन्नास पट घटली, पण व्यासाचा वर्ग अडीच हजार पट वाढला. निव्वळ फायदा पन्नास पट. यातून एक उपयोगी गोष्ट हाती लागते: मिती २ असताना वेग व्यासाच्या वर्गाने वाढत नाही, व्यासाच्या सरळ प्रमाणात वाढतो. पुंजका दुप्पट झाला तर वेगही दुप्पटच. कॅमेऱ्यात मोठा पुंजका दिसला म्हणून स्टोक्समध्ये तो व्यास आणि २६५० घनता घालणारे बरेच जण असतात. २०० मायक्रॉनला मग सेकंदाला ३६ मिलिमीटर येतात, म्हणजे चिखल वाळूपेक्षा वेगाने बसायला लागतो!

उधाणभांग

वरचं गणित बरोबर. क्षारतेबद्दल मात्र सावध राहा, वेग क्षारतेच्या प्रमाणात वाढवत नेऊ नका.

मातीच्या पापुद्र्यांच्या सपाट बाजूंवर ऋण विद्युतभार असतो. त्याभोवती पाण्यातल्या धन आयनांचा एक ढग जमतो, आणि दोन कण जवळ आले की हे ढग एकमेकांना ढकलतात. पाण्यात लिटरला एक मिलिमोल मीठ असेल, म्हणजे गोड्या नदीइतकं, तर या ढगाची जाडी १० नॅनोमीटरच्या आसपास असते. समुद्राच्या पाण्यात ती ०.४ नॅनोमीटरवर येते. ढग इतका आकसला की कण एकमेकांच्या पुरेसे जवळ येतात आणि रेणूंमधलं कमी पल्ल्याचं आकर्षण त्यांना धरून ठेवतं.

यातला महत्त्वाचा भाग असा, की ढग आकसण्याचं बहुतेक काम पहिल्या दोन-तीन पीएसयूमध्येच (क्षारतेचं एकक, साधारण किलोला एक ग्रॅम मीठ) उरकतं. ५ वरून ३० पीएसयूवर गेल्याने चिकटण्यात फारसा फरक पडत नाही. म्हणजे क्षारता हे रेग्युलेटरचं बटण नाही, चालू-बंदचं आहे. त्यातही ते पूर्ण बंद होतंच असं नाही. नदीच्या पाण्यात कॅल्शियम असेल तर दोन भारांचे आयन कमी प्रमाणातही ढग दाबतात. शिवाय जिवाणू आणि डायटम (सूक्ष्म शैवाल) जे चिकट बहुशर्करांचं आवरण सोडतात, ते मिठाशिवायही कण बांधून ठेवतं. नद्यांमध्येही पुंजके सापडतात ते यामुळेच. तुम्ही पेरॉक्साइडने जो भाग जाळलात, तोच हा डिंक.

खाडीत पुंजक्याचा आकार ठरवण्यात मोठा वाटा खळबळीचा. खळबळ कणांना एकमेकांवर आदळवते, म्हणून पुंजके वाढतात. तीच जास्त झाली की त्यांना फाडते. तिचं माप म्हणजे शिअर दर: ऊर्जाक्षयाचा दर भागिले पाण्याची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, आणि त्याचं वर्गमूळ. सर्वात लहान भोवरा साधारण किती मोठा असेल तेही याच दरावरून निघतं, आणि पुंजका त्या भोवऱ्याहून फार मोठा टिकत नाही.

तुमच्या सेन्सरसाठी अंदाज असा. प्रवाह जोरात असताना शिअर व्हेलॉसिटी (तळावरच्या घर्षणाचा जोर, वेगाच्या एककात) सेकंदाला ४ सेंटिमीटर धरली, तर तळापासून १ मीटरवर शिअर दर सेकंदाला १२ ते १३ येतो आणि सर्वात लहान भोवरा २८० मायक्रॉनचा. तळापासून १० सेंटिमीटरवर दर ४० होतो आणि भोवरा १६० मायक्रॉनचा. पाणी मंदावून शिअर व्हेलॉसिटी १ सेंटिमीटरवर आली, की १ मीटरवर दर दीडच्या जवळ आणि भोवरा ८०० मायक्रॉनचा. म्हणजे भर प्रवाहात तळाजवळ पुंजके फाटतात आणि पाणी मंदावताना पुन्हा जुळतात. प्रत्येक भरती-ओहोटीत हे चक्र दोन वेळा.

जुळायला वेळ लागतो, हे बहुतेक मॉडेल विसरतात. लिटरला काही शे मिलिग्रॅम गाळ आणि मध्यम खळबळ असेल तर दहा-वीस मिनिटांत समतोल येतो. तीस-चाळीस मिलिग्रॅम असेल तर तासन्‌तास लागतात, तोवर पाणी पुन्हा वाहायला लागलेलं असतं. म्हणून सर्वात मोठे पुंजके अगदी थांबलेल्या पाण्यात सापडत नाहीत, थोडे आधी सापडतात. पाणी पूर्ण थांबेपर्यंत मोठे खाली गेलेले असतात आणि सेन्सरसमोर बारीक उरलेले असतात.

नळीवाला

मोजण्याबद्दल. साधी नळी म्हणजे ओवेन नळीच्या धर्तीची: साधारण एक मीटर लांब, ५ सेंटिमीटर व्यासाची, दोन्ही टोकं उघडी. ती पाण्यात प्रवाहाच्या दिशेने आडवी धरतात, दोन्ही झाकणं एकदम बंद करतात, वर आणून उभी करतात. उभी केली तो क्षण शून्य. मग तळाच्या तोटीतून ठरावीक वेळी नमुने काढायचे, उदाहरणार्थ १, ३, ६, १०, २०, ४० आणि ६० मिनिटांनी. प्रत्येक नमुन्याचं आकारमान आणि त्या वेळची पाण्याची उंची लिहून ठेवा, कारण दर नमुन्याला उंची कमी होते. किती वजन किती वेळात किती अंतर उतरलं, यावरून वेगांचं वितरण निघतं.

बिघडतं कुठे ते सांगतो. झाकण आपटलं की मोठे पुंजके फुटतात. नळी उभी करताना आतलं पाणी फिरतं आणि ते फिरणं थांबायला वेळ लागतो, तोपर्यंत सर्वात जलद पुंजके निघून गेलेले असतात. डेकवर एका बाजूने ऊन लागलं की नळीत तापमानाचा प्रवाह सुरू होतो. हा प्रवाह सेकंदाला अर्धा मिलिमीटर सहज असतो, म्हणजे तुमच्या पुंजक्याइतकाच. त्यासाठी नळीभोवती पाण्याचं जॅकेट हवं, आणि जॅकेटमध्ये त्याच खाडीचं पाणी. एवढं सांभाळूनही ओवेन नळीचे वेग पाण्यातच बसवलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यापेक्षा बरेच कमी येतात, कधी कधी दहा पट कमी. नळीचा आकडा म्हणजे वेगाची खालची मर्यादा समजा.

कॅमेरा शक्य असेल तर तोच बरा. स्थिर पाण्याचा छोटा कप्पा, मागून सपाट प्रकाश, आणि एका पिक्सेलला १० मायक्रॉन किंवा त्याहून बारीक रेझोल्यूशन. व्यास आणि वेग दोन्ही एकाच पुंजक्याचे मिळतात, मग स्टोक्स उलटा लावून प्रत्येकाची घनता काढता येते. नमुना कप्प्यात सोडण्यासाठी पिपेट वापरत असाल तर तोंड कापून किमान ५ मिलिमीटर रुंद करा. अरुंद तोंडातून गेलेला पुंजका पुंजका राहत नाही. पंपाने ओढलेलं पाणी एकूण गाळाच्या वजनासाठी ठीक, आकारासाठी नाही. आणि बाटली रात्रभर ठेवून सकाळी हलवून मोजली तर तो आकडा तुमच्या हलवण्याचा आहे, खाडीचा नाही.

वजनाबद्दल एक. खाऱ्या पाण्यात फिल्टर धुतला नाही तर मीठच तोललं जातं. १०० मिलिलिटर पाणी गाळलं आणि गाळ लिटरला १५० मिलिग्रॅम असेल, तर फिल्टरवर माती १५ मिलिग्रॅम. फिल्टरच्या तंतूंत अर्धा मिलिलिटर समुद्राचं पाणी राहिलं, तर त्यातलं मीठ १७ मिलिग्रॅम. उत्तर दुपटीहून जास्त! ऊर्ध्वपातित पाण्याने तीन वेळा धुवा, फनेलच्या कडेखाली दबलेला फिल्टरचा काठही. शिवाय दर वेळी एक कोरा फिल्टर घ्या, त्यावरून आधीच गाळून घेतलेलं खाडीचं पाणी सोडा आणि तसंच धुऊन तोला. त्याचं वजन वाढलं तर धुणं कमी पडलंय.

तळगाळ

आभार. मग हेक्सामेटाफॉस्फेटची चाचणी निरुपयोगी का? आणि सेन्सर ६०० वरून १५० वर उतरतो त्यावरून थेट वेग काढला तर? कॅमेरा मिळणं कठीण आहे.

चिकणमाती

निरुपयोगी नाही. ४ मायक्रॉन हा आकडा फ्रॅक्टल गणितात लागतो, आणि माती कितपत चिकट ते चिकणमातीच्या टक्क्यावरून कळतं. फक्त बसण्याच्या वेगाच्या रकान्यात तो भरू नका.

उधाणभांग

सेन्सरवरून काढता येईल, पण एकट्या सेन्सरवरून नाही. कारण बघा. गाळ पूर्ण ८ मीटरमध्ये सारखा पसरला असेल आणि पाणी अचानक थांबलं, तर १ मीटरवरचा सेन्सर बराच वेळ काहीच घट दाखवणार नाही. तिथून जितका गाळ खाली जातो तितकाच वरून येत राहतो. घट तेव्हा दिसेल, जेव्हा पृष्ठभागावरून निघालेली स्वच्छ पाण्याची सीमा सेन्सरपर्यंत उतरेल. म्हणजे ७ मीटर चाळीस मिनिटांत, सेकंदाला २.९ मिलिमीटर. हे जास्तच आहे. याउलट, पाणी मंदावतानाच गाळ खालच्या ३ मीटरमध्ये जमला असेल आणि वर स्वच्छ पाणी असेल, तर सीमा २ मीटर उतरली, वेग ०.८. एकाच सेन्सरचा तोच आलेख, अर्थ साडेतीन पटीने वेगळा.

म्हणून पाणी थांबण्याच्या तासभर आधीपासून दर दहा मिनिटांनी उभा प्रोफाइल घ्या. सेन्सर दोरीने वर-खाली सोडला तरी पुरे. सीमा कुठे आहे आणि किती वेगाने उतरते ते थेट दिसेल. सोबत क्षारतेचाही प्रोफाइल हवा, कारण थर पडलेल्या पाण्यात सीमा गाळामुळे आहे की खाऱ्या-गोड्या पाण्यामुळे, हे त्याशिवाय कळत नाही. लेझर विवर्तनाचं उपकरण वापरणार असाल तर अशा थरात ते घनतेतल्या चढ-उतारालाच मोठे कण समजतं, नसलेले शेकडो मायक्रॉनचे पुंजके दाखवतं. प्रकाश ३० टक्क्यांपेक्षा कमी आरपार गेला, तर आकडेच टाकून द्या.

टर्बिडिटी सेन्सरचं कॅलिब्रेशन तळाचा चिखल बादलीत कालवून केलं असेल तर तेही बदला. तोच सेन्सर त्याच वजनाला, कण बारीक असताना जास्त आकडा देतो. बादलीतला कालवलेला चिखल आणि खाडीतला पुंजकेदार गाळ एक नाहीत. सेन्सरच्या शेजारी बाटली बुडवा, भर भरती, भर ओहोटी आणि थांबलेलं पाणी अशा सगळ्या अवस्थांत, उधाणालाही (मोठ्या भरत्या) आणि भांगालाही (लहान भरत्या), आणि गाळून तोला.

आणि तुमचे १५० मिलिग्रॅम? ते उरतात, कारण ते बसत नाहीत. मोठे पुंजके गेले, बारीक राहिले. मॅनिंग आणि डायर यांनी १६० मायक्रॉनवर रेषा मारून मोठे आणि बारीक पुंजके वेगळे मोजले, त्याचा इथे उपयोग आहे. मॉडेलमध्ये एक वेग न देता दोन भाग करा: एकाला ०.७ ते १, दुसऱ्याला ०.१ च्या खालचा. एकाच वेगाने घट जुळवली तर उरलेले १५० कधीच जुळत नाहीत, आणि मग लोक पार्श्वभूमीचा गाळ म्हणून एक स्थिर आकडा टाकून गप्प बसतात.

नळीवाला

वेग गाळाच्या प्रमाणावर ठेवायचा असेल तर नेहमीचं सूत्र: वेग बरोबर स्थिरांक गुणिले प्रमाणाचा घात, घात बहुधा १ ते २. लिटरला काही ग्रॅमपर्यंत चालतं. पुढे पुंजके एकमेकांचं पाणी अडवतात आणि वेग उलट घटतो. जेल होण्याचं प्रमाण (पुंजके एकमेकांना टेकून सलग जाळं बनतं ते) लिटरला ८० ग्रॅम धरलं, तर २० ग्रॅमला वेग एक वजा पाव याच्या पाचव्या घाताने, म्हणजे चौथा हिस्सा. हे वळण मॉडेलमध्ये नसेल, तर तळाजवळचा दाट चिखल एका टाइम स्टेपमध्ये गायब होतो.

उधाणभांग

शेवटचं, कारण यावर बरीच मॉडेल फसतात. बसलेला गाळ लगेच घट्ट होत नाही. ताज्या थराला उठवायला ०.०५ ते ०.२ पास्कलचा शिअर स्ट्रेस (वाहत्या पाण्याचा तळावरचा घासणारा ताण) पुरतो. भर प्रवाहात शिअर व्हेलॉसिटी ४ सेंटिमीटर असेल तर ताण १.६ पास्कल, म्हणजे तो थर ओहोटीच्या पहिल्या तासातच उडतो. आठवडाभर भांगात दबलेला चिखल तसा उडत नाही. एकच क्रिटिकल ताण (गाळ उठायला लागतो तो) दिलात तर एक तर सगळं उडेल, नाही तर काहीच नाही. किमान दोन थर द्या: वर मऊ, खाली दबलेला, आणि त्यांच्यात वस्तुमानाची देवाणघेवाण.

दुसरं, खाली बसायला लागणाऱ्या वेळेमुळे गाळ आत सरकतो. भरतीने आत आलेला कण, पाणी मंदावायला लागलं त्या जागी न बसता थोडा पुढे जाऊन बसतो. ओहोटीला त्याच जागेवरून त्याला उठवायला तितकाच जोर लागतो, आणि तिथे तो उशिरा येतो. प्रत्येक फेरीत थोडासा आत. पोस्टमा यांनी १९६१ साली डच वाडन समुद्राच्या पाण्यावरून हेच मांडलं. खाडीत खालून आत येणारं खारं पाणी त्याला जोड देतं, आणि दोन्ही मिळून एका पट्ट्यात गढूळपणा जमतो. तो पट्टा क्षारतेच्या एका रेषेवर खिळलेला नसतो, उधाण-भांग आणि नदीच्या पाण्याप्रमाणे वर-खाली सरकतो. जहाजांसाठी खाडी खोल केली की भरतीचं असमानपण वाढतं आणि पट्टा आत घुसतो. जर्मनी-नेदरलँड्स सीमेवरच्या एम्स नदीत खालच्या भागाची तर दाट चिखलाची नाली झाली आहे.

ड्रेजिंगसाठीच खोली बघत असाल तर प्रतिध्वनी-मापकाची वारंवारता लिहून ठेवा. २०० किलोहर्ट्झ पातळ चिखलाच्या माथ्यावरूनच परत येतो, ३३ किलोहर्ट्झ त्याच्या आत जातो. दोन्ही आकड्यांत मीटरभर फरक निघू शकतो, आणि त्यामधला सगळा भाग म्हणजे अजून न दबलेले पुंजके.

तळगाळ

प्रोफाइल घेऊन येतो. सीमा ३ मीटरवर निघाली तर मॉडेलचा ०.८ टिकतो, ८ वर निघाली तर मुळापासून बघावं लागेल.